ओव्हरलॉक घ्यायचंय : घरगुती चार दोऱ्यांचं, लोखंडी तीन दोऱ्यांचं की सेकंडहँड कारखान्यातलं?

निवांत_दुपार
नमस्कार मंडळी. शिवणकामाच्या जुन्या चर्चांमध्ये ओव्हरलॉकचा (कापडाची कड कापून दोऱ्यांत बांधणाऱ्या मशीनचा) विषय तुकड्यातुकड्यांत सापडतो, म्हणून वेगळा धागा काढतेय.

माझ्याकडे साधं झिगझॅगवालं घरगुती मशीन आहे. स्वतःचे कुर्ते, लेकीचे फ्रॉक, आई आणि सासूबाईंचे ब्लाउज, अधूनमधून पडदे नि उशांचे अभ्रे एवढाच पसारा. बाहेरचं काम घेत नाही. आता लेकीला टी-शर्ट आणि लेगिंग्ज घरीच शिवायची हौस आलीय (हौस माझी, तिची नाही).

कडा झिगझॅगने मारते. सुती कापडावर चालून जातं, पण खणाचं परकर-पोलकं धुतल्यावर आतून नुसत्या दशाच दशा. कोपऱ्यावरचे टेलर इंटरलॉक (म्हणजे ओव्हरलॉकच) करून देतात, पण अर्धवट शिवलेला कपडा घेऊन जायचं, त्यांच्या सवडीने परत आणायचा आणि त्यांच्या मशीनवर जो दोरा चढवलेला असेल तो मुकाट्याने घ्यायचा. आंबा रंगाच्या कुर्त्याला आतून काळा दोरा घेऊन आलेय.

दुकानांत तीन प्रकार दाखवतात. दहा हजारांच्या आतलं छोटं लोखंडी, तीन दोऱ्यांचं. प्लास्टिकच्या अंगाचं घरगुती, चार दोऱ्यांचं, वीस ते तीस हजारांच्या मध्ये कुठेतरी. आणि टेबलासकट कारखान्यातलं, जे सेकंडहँड याच पैशांत मिळतं म्हणतात. पुण्यात फ्लॅट आहे, तिसरा मजला, खालच्या काकांना आवाजाचं वावडं. काय घ्यावं?

टीपटाका
आधी एक ठरव: टी-शर्ट-लेगिंग्ज खरंच शिवणार आहेस का? कारण सगळा निर्णय तिथेच फिरतो.

होजिअरी किंवा लायक्रा, म्हणजे ताणलं जाणारं कापड, शिवायचं असेल तर डिफरन्शियल फीड हवंच. फूटच्या (कापड दाबून धरणाऱ्या पायाच्या) खाली दात्यांच्या दोन जोड्या असतात, एक पुढे, एक मागे. साध्या मशीनला एकच. या दोन जोड्यांचा वेग वेगवेगळा ठेवता येतो. पुढचे दाते जास्त कापड आत ढकलायला लागले की ताणलं जाणारं कापड सपाट राहतं. घरगुती मशीनवर हा फरक ठरवणारी चकती साधारण ०.७ ते २ पर्यंत फिरते. टी-शर्टचं कापड १ वर शिवलं की शिवण झालरीसारखी लहरते, तीच १.५ किंवा २ वर सरळ बसते. उलट शिफॉन किंवा मलमल चुणत असेल तर १ च्या खाली यायचं.

लोखंडी छोट्या मशीनला बहुतेक वेळा हे नसतंच. त्यामुळे टी-शर्टचं खरं असेल तर तो पर्याय बाद.

सोलापूरकर
आमचा गणवेशाचा छोटा धंदा आहे, त्यामुळे मशीन रोज बघतो. लोखंडी मशीनला नावं ठेवू नका. पॉपलिन, टेरिकॉट, ब्लाउजपीस, परकर यांना वर्षानुवर्षं चालतं. मोडण्यासारखं त्यात फार काही नाही आणि गावात कुणीही दुरुस्त करतं. आवाज करतं, हे खरं. मोटर वेगळी बसवावी लागते.

कारखान्यातलं म्हणाल तर जुकी, जॅक, झोजे ही नावं आमच्याकडे जास्त. मिनिटाला साडेपाच-सहा हजार टाके सहज मारतात. घरगुती मशीन १२०० ते १५०० वर थांबतं. तेल आपोआप फिरतं, वर काचेत दिसत राहतं. दिवसभर चालवलं तरी तापत नाही. पण ताई, तुम्ही महिन्यात जितक्या कडा माराल तितक्या आमच्याकडे चहाच्या आधी होतात. तुम्हाला त्या वेगाचा त्रासच जास्त होईल. पायावर ताबा बसेपर्यंत बोटापेक्षा कापड पुढे पळतं.

सेकंडहँड घ्यायचंच तर मोटर बघा. जुनी क्लच मोटर असेल तर मशीन थांबलेलं असतानाही ती घुमत राहते. वीज खाते आणि खालच्या काकांना पण ऐकू जाते. सर्व्हो मोटर असेल तर पाय दाबल्यावरच फिरते, जवळजवळ गप्प. क्लचवालं स्वस्त मिळालं तर सर्व्हो वेगळी विकत घेऊन बदलता येते, तो खर्च धरूनच भाव करा. आणि टेबल तिसऱ्या मजल्यावर कोण चढवणार ते आधी ठरवा.

गारवा
मला एक वेगळाच प्रश्न पडलाय. तुम्हाला ओव्हरलॉक लागतंच का? एवढ्याशा शिवणकामाला पंचवीस हजार?

आमच्या आईने उभ्या आयुष्यात ओव्हरलॉक बघितलं नाही. तिचे कपडे आतूनही बाहेरून दिसावेत तसे. फ्रेंच शिवण, म्हणजे आधी सुलट बाजूने बारीक टीप मारायची, माया (टिपेबाहेरचं जादा कापड) कापून बारीक करायची, उलटून दुसरी टीप, की दशा आतच कोंडल्या. फ्रॉकला, मलमलच्या कुर्त्याला हे ओव्हरलॉकपेक्षा सरस दिसतं. मुंढ्याला उरेब पट्टी. पायजम्याला दाबटीप. आणि झिगझॅग मशीनला ओव्हरकास्टिंगचा फूट मिळतो, त्याच्या मधल्या तारेवरून टाका पडतो, त्यामुळे कड आत गोळा होत नाही. तो काही शे रुपयांत येतो. आधी तो लावून बघा.

निवांत_दुपार
@गारवा, फ्रेंच शिवण मीही मारते, आवडतेच. पण खणाला ती जाड होते, आणि होजिअरीला मुळात जमत नाही, ताणली की टीप तुटते. ओव्हरकास्टिंगचा फूट आहे माझ्याकडे. बरा आहे, पण कापत नाही. दशा आधी कात्रीने साफ कराव्या लागतात, त्यात हात भरून येतो.

@टीपटाका, हो गं, टी-शर्टचं खरं आहे. कापड आणून ठेवलंय. (हे नवऱ्याला माहीत नाही.)

रेशीमगाठ
ब्लाउज शिवते म्हणालीस, म्हणून हे आधी सांगते. परदेशी व्हिडिओ बघून सगळ्याजणी इथेच अडखळतात.

त्या व्हिडिओंत चार दोऱ्यांवर बाजूची शिवण एका फेरीत मारतात: शिवलं, कापलं, कड बांधली, झालं. टी-शर्टला ठीक. आपल्या ब्लाउजला हे अजिबात करायचं नाही. ब्लाउजच्या बाजूला आपण इंच-दीड इंच माया सोडतो, बाहीत सोडतो, कारण ब्लाउज माणसाबरोबर वाढतो. लग्नातला पैठणीचा ब्लाउज मुलाच्या मुंजीत घालायचा असतो. ओव्हरलॉकचं पातं टाक्याच्या आधी कापड कापतं. दोन्ही भाग एकत्र धरून शिवणीच्या कडेने फिरवलंस की माया गेली, परत येत नाही.

म्हणून ब्लाउजला क्रम उलटा. कापून झालं की आधी सुट्या भागांच्या कडा एकेरी मारून घ्यायच्या: पाठ, पुढचे दोन्ही भाग, बाह्या. अस्तर असेल तर अस्तर आणि कापड एकत्र टाचून मग कड. पात्याने फक्त दशा छाटल्या जातील एवढंच कापड आत सरकवायचं, अगदी केसभर. मग साध्या मशीनवर जोडायचं. बाजूच्या शिवणीला आत दोन-तीन जादा टिपा मारून ठेवल्या की पुढे एकेक उसवत ब्लाउज सैल करता येतो, आणि कडा आधीच बांधलेल्या असल्याने दशा निघत नाहीत.

खणाचं तर याहून पुढे. खण कापल्या कापल्या दशा सोडतो. मी कटिंग झालं की पहिलं काम ओव्हरलॉक, मापाला हात नंतर. मशीनवर विणलेल्या स्वस्त ब्रोकेडचंही तसंच. त्याच्या मागे मोकळे धागे लोंबत असतात, ते कापले गेले की बुट्टा सुटायला लागतो.

त्यामुळे पातं खाली करून बंद ठेवता येतं का, हे दुकानात बघच. बहुतेक घरगुती मशीनवर येतं. जुन्या कपड्याची दुरुस्ती करताना, जिथे कापायला काही उरलेलंच नसतं, तिथे फार कामी येतं.

टीपटाका
+१०० रेशीमगाठ. हे मला कुणी सांगितलं असतं तर बरं झालं असतं असं म्हणणाऱ्या निदान चारजणी मला माहीत आहेत.

अबोली_कट्टा
मला टेन्शन वेगळ्याच गोष्टीचं. दोरा ओवायला अर्धा तास लागतो म्हणतात, खरं का? माझ्या जावेकडे मशीन आहे, पण दोरा तुटला की पुढच्या रविवारपर्यंत कव्हर घालून ठेवते, दीर येऊन ओवून देतात.

घड्याळकाका
जाऊबाईंना हा प्रतिसाद वाचायला द्या. घड्याळं दुरुस्त करायचा माझा जुना धंदा, आता हौस म्हणून शिलाई मशीनं उघडतो.

ओव्हरलॉकमध्ये बॉबिन नसते. चार दोऱ्यांच्या मशीनमध्ये दोन सुया आणि दोन लूपर (दोरा वाहून नेणारे हूक), वरचा आणि खालचा. खालचा लूपर डावीकडून उजवीकडे येतो आणि सुईच्या दोऱ्याचा फासा पकडतो. वरचा लूपर खालच्याचा फासा घेऊन वर येतो आणि कडेला वळसा घालतो. तिथे सुई पुन्हा खाली येऊन त्याला अडकवते. एकाचा फासा दुसऱ्याने धरायचा, असं गोल फिरत राहतं. त्यामुळे क्रम चुकला की शिवण बनतच नाही.

क्रम असा: आधी वरचा लूपर, मग खालचा, सुया सगळ्यात शेवटी. मशीनवर चार रंगांचे ठिपके असतात, ते याचसाठी. खालच्या लूपरचा दोरा मध्येच तुटला, तर घाईत फक्त तोच ओवून चालू करतात. मग पहिल्या दोन टाक्यांतच परत तुटतो, कारण सुईचा दोरा लूपरवर अडकून राहिलेला असतो. सुयांचे दोरे आधी काढा, लूपर ओवा, मग सुया परत ओवा. ‘मशीन बिघडलंय’ म्हणून माझ्याकडे येणाऱ्या निम्म्या मशीनांना एवढंच झालेलं असतं.

दुसरं. ओवताना फूट वर उचललेला ठेवा. बऱ्याच मशीनांत फूट वर असला की टेन्शनच्या (दोऱ्याचा ताण ठरवणाऱ्या) चकत्या उघडतात आणि दोरा नीट आत बसतो. फूट खाली ठेवून ओवला तर दोरा चकत्यांच्या वरच तरंगतो, मग चकती ९ वर नेली तरी टाका ढिला.

तिसरं, रंग बदलताना पुन्हा ओवायचंच नाही. जुना दोरा कोनाजवळ (दोऱ्याच्या मोठ्या शंकूसारख्या रिळाजवळ) कापा, नव्या दोऱ्याला घट्ट गाठ मारा, चारही टेन्शन शून्यावर आणा आणि हळूहळू चालवा. लूपरच्या गाठी आरामात निघून येतात. सुईची गाठ मात्र नाकातून जात नाही. ती सुईजवळ आली की थांबा, गाठ कापा, सुई हाताने ओवा. मग टेन्शन पहिल्या आकड्यांवर. ते आकडे आधी कागदावर लिहून मशीनला चिकटवून ठेवा.

हवेने दोरा आपोआप ओवणारीही मशीनं निघाली आहेत. खटका दाबला की लूपरमधून दोरा सूं करून जातो. किंमत बघून मात्र आपण हाताने ओवायला लगेच शिकतो.

अबोली_कट्टा
काका, साष्टांग. वाचनखूण साठवली. दिरांचे रविवार सुटले.

दूरदेशी
न्यू जर्सीहून. इथे ब्रदरचं १०३४डी घराघरांत आहे, तीन-चार दोऱ्यांचं, स्वस्त आणि चिवट. सिंगरचं १४एसएच७५४ आणि जुकीचं एमओ-६५४डीई दोन दोऱ्यांवरही चालतं, म्हणजे फार तलम कापडाला कमी दोरा. दरवर्षी भारतात येताना कुणीतरी ‘ते मशीन आण ना’ म्हणतंच. आणू नका म्हणून सांगते.

इथली मशीनं ११० व्होल्टची. तिकडे सरळ प्लग लावलात तर मोटर किंवा पेडल जळणार. स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लावून चालतं, पण तो जड डबा कायम टेबलाखाली, आणि एक दिवस कुणीतरी विसरून सरळ भिंतीत लावतोच. शिवाय इथली वॉरंटी तिकडे चालत नाही. माझ्या बहिणीसाठी नेलेलं मशीन छान चाललंय, पण खालचं पातं बोथट झालं तेव्हा तेही मीच इथून पाठवलं.

निवांत_दुपार
कारखान्यातलं बाद (टेबल लिफ्टमध्ये मावणार नाही). परदेशी बाद. लोखंडी नि घरगुती या दोघांतच ठरवायचंय, आणि टी-शर्टमुळे घरगुतीकडे झुकतेय.

पण दोरा! दुकानदार म्हणाला, चार कोन लागतील प्रत्येक रंगाचे. प्रत्येक रंगाचे चार? माझ्याकडे रिळांचा एक डबा आहे, त्यात बहात्तर छटा आहेत. त्याला चारने गुणू?

सोलापूरकर
गुणू नका. दुकानदाराला कोन विकायचेत.

दोरा भरपूर खातं, ते खरं. साध्या मशीनच्या एक सेंटिमीटर शिवणीला अडीच सेंटिमीटरच्या आसपास दोरा जातो. तीन दोऱ्यांच्या ओव्हरलॉकला साधारण १४, चार दोऱ्यांच्या शिवणीला १७-१८. म्हणून घरातली छोटी रिळं यावर लावायचीच नाहीत, एका कुर्त्यात संपतील. कोनच लागतात, पण रंग मोजकेच घ्या. पांढरा, काळा, मोतिया, करडा. ब्लाउज जास्त असतील तर मरून. करडा मध्यम रंगाच्या कुठल्याही कापडात मिसळून जातो. रंग जुळवायचाच असेल तर फक्त डाव्या सुईचा दोरा जुळवा. सुलट बाजूने शिवण ताणली तर डोकावतो तो तेवढाच. लूपरचे दोरे आतच राहतात, त्यांना कोण बघतंय?

स्पन पॉलिएस्टर घ्या. शिलाईच्या जाड सुती दोऱ्याची रोवं लूपरमध्ये साठतात. दोन बोटांत दोरा ओढून बघा, गाठी-गुठळ्या लागल्या तर परत ठेवा. पुण्यात असाल तर रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला फिरा, ठोक भावात मिळेल.

रेशीमगाठ
टी-शर्टला लूपरमध्ये टेक्स्चर्ड नायलॉन लावून बघ, तो फुललेला मऊ दोरा असतो. तयार लेगिंग्जच्या आत अंगाला न टोचणारा असतो, तोच. इस्त्री मात्र बेताने, नायलॉन आहे.

गारवा
आता तुम्ही सगळे मिळून माझं मन वळवताय. तर माझाही प्रश्न: ओव्हरलॉक घेतलं की साडीची पिको-फॉल घरच्या घरी होईल का? तेवढं झालं तरी मशीनचे पैसे वसूल.

टीपटाका
पूर्ण नाही. पिकोचं मशीन झिगझॅगच्या जातीचं, त्याचा टाका वेगळा. ओव्हरलॉकवर रोल्ड हेम होतं: एक सुई काढायची, तीन दोऱ्यांवर यायचं, टाक्यांची लांबी एक-दीडवर आणायची, प्लेटजवळचं ते लहान बोट (स्टिच फिंगर) मागे घ्यायचं आणि खालच्या लूपरचं टेन्शन वाढवायचं. कड आपोआप आत वळते आणि दोऱ्यात गुंडाळली जाते. जॉर्जेट-शिफॉनच्या ओढण्यांना फार देखणी कड येते. साडीच्या पदरालाही चालते, मी करते. पण सुळसुळीत सिंथेटिक साडीला कधीकधी कड कापडापासून सुटून येते, तिथे पिकोवालीच बरी. फॉल तर हातानेच लावायचा, त्याला मशीन कुठलंच नको.

कळीचा_नारद
अवांतर: कडा बांधणारं हे मशीन अमेरिकेतल्या कनेक्टिकटमधल्या मेरो नावाच्या कुटुंबाच्या कंपनीने काढलं, १८८१ मध्ये. त्यांची विणकामाची गिरणी होती आणि विणलेल्या कापडाच्या कडा क्रोशासारख्या बांधायला त्यांना यंत्र हवं होतं. गणवेशावरच्या गोल बिल्ल्यांची जाड कड असते ना, ती अजूनही त्यांच्या नावाने ओळखली जाते.

टी-शर्टच्या तळाला बाहेरून दोन समांतर टिपा आणि आतून जाळी दिसते, ती ओव्हरलॉकने होत नाही. त्याला कव्हरस्टिच मशीन लागतं, आपल्या बाजारात त्याला फ्लॅटलॉक म्हणतात. दुकानात विचारताना गल्लत करू नका.

निवांत_दुपार
अरे देवा, म्हणजे अजून एक मशीन?

टीपटाका
नको गं. तुझ्या झिगझॅग मशीनला ट्विन नीडल (जोडसुई) लाव, स्ट्रेचची. तळाची दुमड त्याने मार. चालतं.

उंबरठा
घ्यायच्या आधी एक गोष्ट तपासा, जी इथे कुणी बोललं नाही. तुमच्या गावात ते मशीन उघडणारा माणूस आहे का?

आमच्या तालुक्याच्या ठिकाणी एका मोठ्या कंपनीचं मशीन ऑनलाइन स्वस्तात मिळालं म्हणून घेतलं. मशीन उत्तम. पण लूपर वाकला, तर जवळचं सर्व्हिस सेंटर जिल्ह्याच्या गावी, तिथे ‘पार्ट मागवलाय’ एवढंच ऐकून पावसाळा गेला. इथल्या मिस्त्रीने हात लावायला नकार दिला, त्याने ते मॉडेल कधी पाहिलेलं नव्हतं. शेवटी पुतण्याने मुंबईहून पार्ट आणला.

दुकानात विचारा: पातं, लूपर, सुया आत्ता या काउंटरवर आहेत का? दाखवा. ‘मिळून जाईल’ म्हणाले तर समजून घ्या. सुया तर घेऊनच बाहेर पडा. घरगुती मशीनला बऱ्याचदा आपली नेहमीचीच, एका बाजूने चपट्या दांड्याची सुई चालते. कारखान्यातल्याला गोल दांड्याची. काही घरगुती मशीनांना मात्र स्वतःची वेगळीच लागते. पुस्तिकेत लिहिलेलं असतं, दुकानदाराच्या तोंडावर जाऊ नका.

घड्याळकाका
उंबरठा म्हणतात ते सोळा आणे खरं. माझी भर: दुकानात आपलं कापड घेऊन जा. दुकानदार नमुना म्हणून जे कडक पॉपलिन देतो, त्यावर कुठलंही मशीन छान चालतं. तुम्ही खण न्या, जॉर्जेटचा तुकडा न्या, जुना टी-शर्ट न्या आणि जीनचा तो भाग न्या जिथे दोन शिवणी एकमेकींवर येतात. त्या गाठीवरून पातं अडखळतं का बघा. मग सगळे दोरे काढायला लावा आणि स्वतः ओवा. दुकानदार कंटाळला तर कंटाळू दे. घरी तुम्हीच ओवणार आहात.

आणि टाचण्या! शिवणीत टाचणी राहिली आणि पात्याखाली गेली, तर पात्याला खाच पडते, तुकडा उडतो तो वेगळाच. कडेपासून लांब, शिवणीला समांतर लावा, किंवा सरळ क्लिपा वापरा.

तेल मशीनचंच. खोबरेल घालणारे लोक मी पाहिलेत. थंडीत ते गोठतं आणि मशीन असं जाम होतं की आधी गरम करावं लागतं. कापडाचा भुसा ब्रशने बाहेर काढा, फुंकर मारू नका. तो आणखी आत जातो.

सोलापूरकर
काका, हिवाळ्यात माझ्याकडे एकजण हेअर ड्रायर घेऊन बसला होता मशीनपुढे. 😄

निवांत_दुपार
मंडळी, मशीन घरी आलं. चार दोऱ्यांचं घरगुती. ब्रँड मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर उरलेला धागा त्यावरच जाईल. दोन कंपन्यांची मशीनं माझ्या कापडांवर जवळजवळ सारखीच चालली. एकीचं सर्व्हिस करणारं दुकान घरापासून चालत जाण्याइतकं जवळ आणि पात्याचं पाकीट तिथे टांगलेलं दिसत होतं. तेच घेतलं. जाड रबरी चटईवर ठेवलंय, खालच्या काकांची तक्रार अजून तरी नाही.

ओवायला जमलं. टी-शर्टचा तुकडा २ वर अगदी सपाट. रेशीमगाठ, तुझ्या पद्धतीने सासूबाईंच्या ब्लाउजचे सुटे भाग मारून घेतले, माया शाबूत.

एक अडचण आहे. सुती कुर्त्यावर कडेच्या बाहेर दोऱ्याचे फासे लोंबतायत, कापडाला न टेकता. तीन दोऱ्यांवर, उजवी सुई. तिन्ही टेन्शन ४ वर. खालून-वरून टाका सारखाच दिसतोय. काय फिरवू?

टीपटाका
वरून-खालून सारखं दिसतंय म्हणजे लूपर एकमेकांशी जुळलेत. दोन्ही थोडे थोडे घट्ट कर, अर्धा अर्धा आकडा. सुईला हात लावू नकोस.

घड्याळकाका
बरोबर, पण त्याआधी कटिंग विड्थची चकती बघा. पातं गरजेपेक्षा जास्त कापत असेल तर टाक्याच्या रुंदीला कापडच पुरत नाही आणि फासे हवेत राहतात. रुंदी थोडी वाढवा, म्हणजे कड फाशापर्यंत पोचेल. मग एक तुकडा मारा. अजून लोंबत असतील तर टीपटाका सांगतात तसं दोन्ही लूपर घट्ट करा. आणि याच्या उलट झालं, म्हणजे कड आत गोळा व्हायला लागली, तर चकती तेवढीच मागे फिरवा.

एका वेळी एकच चकती फिरवा आणि प्रत्येक वेळी नवा तुकडा घ्या. तुकड्यावर पेनाने आकडे लिहा.

निवांत_दुपार
रुंदी वाढवल्यावर बसलं! लूपरना हात लावावाच लागला नाही. आकडे लिहिलेले तुकडे वहीत चिकटवतेय: सुती, खण, होजिअरी. जॉर्जेटचा अजून जमलेला नाही, चुणतोय.

टीपटाका
जॉर्जेटला डिफरन्शियल ०.७ वर ने, टाका जरा आखूड कर, आणि सुई ९ किंवा ११ नंबरची नवीन लाव. अजून चुणला तर सुईचं टेन्शन एकने कमी.